पाखरांचा दाणा आणि खारीचा वाटा

आपल्या आजोबा-पणजोबांचा जन्म पाखरे हाकण्यात गेला. जोंधळा हुरड्यावर आला की शेतात माळा उभारायचा, वर एखाद्या पोराला गोफण देऊन चढवायचे आणि दिवस मावळेपर्यंत त्याने हाकारे घालीत राहायचे, असा तो काळ. त्यांचीच नातवंडे आज शहरात पैसे मोजून बाजरी आणतात, परसात ताटली टांगतात आणि चिमण्या का येत नाहीत म्हणून खंत करतात. चिमण्या येऊ लागल्या म्हणजे दुसरी खंत सुरू होते. ताटलीत चिमणीच्या जागी खार मांडी ठोकून बसलेली असते, खाली मांजर दबा धरून असते आणि रात्री उंदीर-घुशींची पंगत उठते. या दुसऱ्या खंतीवर आम्ही दोन-तीन वर्षे बराच खटाटोप केला. त्यात काही शिकलो, काही चुकलो. ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी आमची चूक सांगितली पाहिजे. बडोद्यास आमच्या घरामागे लहानसे परस आहे. एक कडुनिंब, एक पेरू, तुळशीवृंदावन आणि धुणे धुण्याची फरशी. आमच्या मातोश्री रोज सकाळी स्नान उरकून त्या फरशीवर मूठभर दाणे टाकीत. ही चाल आमच्या लहानपणापासूनची. मूठ होती तोवर कोणाचे काही बिघडले नाही. तासाभरात फरशी स्वच्छ होई. पुढे आम्ही सेवानिवृत्त झालो, हौस वाढली, आणि मुठीचे शेर झाले. उरलेला भात, पोळीचे तुकडे, शेव-गाठियांचा चुरा, सारे फरशीवर पडू लागले. संध्याकाळी पुष्कळसे उरे. आम्ही म्हणत असू, राहू द्या, सकाळी खातील. सकाळपर्यंत ते राहत नसे, आणि पाखरेच लवकर येऊन खातात अशी आम्ही आपली समजूत करून घेतली होती.

पावसाळ्यात भिंतीच्या पायाशी बिळे दिसली. मग घुशी आल्या, घुशींमागे धामण आली. एके दिवशी शेजारचे गृहस्थ कुंपणाशी येऊन म्हणाले, "काका, पुण्य तुमचे, पण उंदीर आमच्या कोठीत येतात." त्यांचे बोलणे आम्हांस लागले, आणि आम्ही त्यांना उलट उत्तर केले. आठ दिवसांनी त्यांनी भिंतीलगत विषाच्या गोळ्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेरूखाली दोन खारी आणि एक होला मरून पडलेला आढळला. मातोश्रींनी ते पाहिले आणि दाणे टाकणे बंद केले. चिमण्या मात्र ठरल्या वेळी भिंतीवर येऊन बसत आणि फरशीकडे पाहत. चार-पाच दिवस हे पाहिल्यावर आम्ही शेजाऱ्यांकडे गेलो. त्यांचे विष चुकीचे खरेच, परंतु उंदीर आमचे होते हे कबूल केल्यावाचून पुढे बोलता येण्यासारखे नव्हते.

विषाविषयी येथेच एक गोष्ट सांगून टाकतो. उंदरासाठी ठेवलेले विष फक्त उंदीरच खाईल अशी व्यवस्था उघड्या परसात होत नाही. आणि विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर त्या विषाची बाधा त्यांनाही होऊ शकते. म्हणजे उंदरांचा बंदोबस्त फुकट करणारे घुबडच आपण घालवितो.

उंदीर-घुशींवरचा खरा उपाय कोणत्याही यंत्राशिवाय होतो. पाखरे दिवसा जेवतात आणि उंदीर मुख्यतः रात्री, एवढा फरक लक्षात ठेवला की झाले. सकाळी तासाभरात संपेल इतकाच दाणा घालावा, फार तर दुपार उतरल्यावर पुन्हा थोडा. आणि दिवेलागणीपूर्वी ताटली उचलून घरात घ्यावी. खाली सांडलेले झाडून काढावे. दाण्याचा साठा पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. गोणीत ठेवला तर आपण उंदरांना कोठार बांधून दिले असेच समजावे. आम्ही हे नेमाने करू लागलो, बिळे बुजविली, आणि दीड-दोन महिन्यांत घुशी गेल्या. धामणही मग दिसेनाशी झाली.

खारीचे प्रकरण इतके सरळ नाही, कारण तिची आणि पाखरांची जेवणाची वेळ एकच. गुजरातेत व उत्तरेकडे परसात दिसते ती बहुधा पाच पट्ट्यांची. दक्षिणेकडे जावे तशी तीन पट्ट्यांची भेटते. तिच्या पाठीवर रामरायाची बोटे उमटली आहेत अशी कथा आपण ऐकत आलो, सेतुबंधनातील तिच्या मूठभर वाळूवरून 'खारीचा वाटा' हा शब्दप्रयोग झाला. परंतु ताटलीवर बसलेल्या खारीचा वाटा मूठभर नसतो. ती बसून असेपर्यंत चिमण्या लांब राहतात, आणि भुईमुगाचे दाणे असतील तर ती खाते थोडे आणि गालात धरून नेते फार.

पाखरांना दाणे घालण्याची हौस विलायतेत व अमेरिकेत फार मोठी आहे, आणि खारींशी झुंजण्यासाठी तेथे नाना युक्त्या निघाल्या आहेत. आमच्या मुलाने त्यांतील दोन आम्हांस आणून दिल्या. मौज अशी की येथे त्या दोन्ही फसल्या. पहिल्या दाणापात्राला कमान होती. जड प्राणी दांडीवर बसला की त्याच्या भाराने झडप खाली येऊन दाणे झाकले जावेत. ही योजना तिकडच्या करड्या खारीसाठी आहे. ती मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्वभागातली. १८७६ साली इंग्लंडात सोडली गेली आणि तेथेही माजली. तिचे वजन अर्ध्या किलोच्या घरात असते. आपली खार भरते अवघी १०० ग्रॅमच्या आसपास. आपला पोपट आणि साळुंकी यांचे वजनही साधारण तेवढेच, कधी थोडे अधिक. तेव्हा झडप खारीला बंद होईल इतकी हलकी करावी तर पोपट-साळुंकी उपाशी, आणि त्यांच्यासाठी जड ठेवावी तर खारीला दार मोकळे. कबुतराच्या भाराने मात्र ती झडप झटकन पडे, कारण कबूतर खारीच्या तिप्पट तरी असते. त्याचा उपयोग पुढे सांगू.

दुसरे पात्र जाळीच्या पिंजऱ्यात बसविलेले होते. लहान पाखराने जाळीतून आत शिरावे, मोठ्या प्राण्याने बाहेर राहावे. करड्या खारीला ती जाळी अडवीत असेल. आपली खार सडपातळ. चिमणी जेथून आत जाई तेथूनच हीही डोके घालून सुळकन आत जाई, आणि वर पिंजऱ्यात मांजराची भीती नाही म्हणून निवांत बसून खाई. तिच्यासाठी आम्ही जणू खोलीच बांधून दिली! सबब, परदेशी वस्तू घेण्यापूर्वी ती कोणत्या खारीच्या मापाने बेतली आहे हे पाहावे.

उपाय शेवटी स्वयंपाकघरातच सापडला. आपल्या जुन्या घरांत दूध-लोणी मांजरापासून कसे राखीत? आढ्याला शिंके टांगून. शिंके तुटले म्हणजे बोक्याचे फावते ही म्हण आपण लेखनात वापरतो, पण शिंके न तुटता बोक्याला का मिळत नाही याचा विचार करीत नाही. ते भिंतीपासून दूर असते, जमिनीपासून उंच असते आणि तेथे पोचायला पाय रोवण्यास जागा नसते. फडताळाच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवीत, त्यातही हेच तत्त्व. प्राण्याला मारायचे किंवा धाक दाखवायचा असे नाही. त्याची वाट तेवढी तोडायची.

त्याप्रमाणे आम्ही सात फुटी गुळगुळीत लोखंडी नळ घेऊन दीड फूट जमिनीत पुरला. वर दाण्याची ताटली, आणि जमिनीपासून चार फुटांवर एक जुनी ॲल्युमिनियमची परात, मध्यभागी भोक पाडून, उपडी ओवलेली. परात दीड फूट रुंद होती. याहून लहान घेऊ नये. ती घट्ट बसवू नये, हेही महत्त्वाचे. खाली तारेचा वेढा देऊन तिला नुसता आधार द्यावा, म्हणजे ती डुलती राहते. खार नळावरून वर येते, परातीच्या पोटाखाली अडते, काठ पकडू पाहते आणि परात कलते. पहिल्या दिवशी आमच्या खारीने सकाळपासून दुपारपर्यंत अकरा वेळा प्रयत्न केला. मातोश्री खिडकीत बसून मोजत होत्या.

बाराव्या वेळी ती ताटलीत होती. आम्ही थक्क झालो. नळ पाहिला, परात पाहिली, सर्व ठीक. मग आमच्या सौ.नी कपडे वाळत घालण्याच्या दोरीकडे बोट दाखविले. ती दोरी कडुनिंबापासून न्हाणीघराच्या खुंटीपर्यंत गेलेली, ताटलीवरून जेमतेम तीन हातांवर. खार त्या दोरीवरून येऊन खाली उडी घेई. खालून वाट बंद केली की खार वरून येते आणि वरून बंद केली की बाजूने. म्हणून नळाची जागा ठरविताना झाड, भिंत, गच्चीचा कठडा, दोरी, विजेची तार, सर्वांपासून आठ-दहा फूट अंतर मोजून घ्यावे. आणि वर फांदी येत असेल तर ती छाटावी किंवा जागा बदलावी. करड्या खारीसाठी तिकडे पाच फूट उंच, सात फूट दूर आणि वरच्या फांदीपासून नऊ फूट खाली असा ठोकताळा सांगतात. आपली खार लहान असली तरी तेवढे अंतर राखल्यास नुकसान नाही. ज्यांचे परस इतके मोठे नाही त्यांनी दोन खांबांमध्ये बारीक तार ताणावी, ताटलीच्या दोन्ही बाजूंस तारेत प्लॅस्टिकच्या नळीचे हात-हातभर तुकडे ओवावेत आणि मधोमध ताटली टांगावी. नळी पायाखाली फिरते, खारीचा तोल जातो. नळाला तेल किंवा ग्रीस फासण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. ते खारीच्या केसांना आणि पाखरांच्या पिसांना लागते. पिसे चिकटली तर पाखराला उडणे कठीण, आणि खार अंग चाटते तेव्हा ते पोटात जाते.

मिरचीचा उपायही आम्ही करून पाहिला. त्यामागचे शास्त्र मोठे मनोरंजक आहे. पोपट हिरवी मिरची आनंदाने खातो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याला तिखट कसे लागत नाही, याचे उत्तर मात्र अलीकडे मिळाले. मिरचीतील कॅप्सेसिन या द्रव्याने ज्ञानतंतूंवरील ज्या ग्राहकाला भाजल्यासारखे वाटते, तो डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधून काढला. २००२ साली त्यांनीच दाखविले की कोंबडीच्या ठायी तो ग्राहक उष्णतेला जागा होतो, पण मिरचीला होत नाही. ज्यूलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अमेरिकेतील रानमिरचीवर २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की उंदरांसारखे प्राणी ती फळे टाळतात, आणि पाखरे खातात. उंदरांच्या दातांखाली बी भरडले जाते, पाखराच्या पोटातून मात्र ते साबूत बाहेर पडून रुजते. म्हणजे मिरचीने तिखटपणा धारण केला तो निवडक पाहुण्यांसाठी!

तेव्हा दाण्याला तिखट चोळावे, पाखरांना कळणार नाही आणि खार पळेल, असा हिशेब. चोळायचेच तर थोड्या तेलात कालवून चोळावे. कोरडी पूड वाऱ्याने उडून पाखरांच्या आणि आपल्याही डोळ्यांत जाते. आमची खार पहिला घास घेताच दोन्ही पंजांनी तोंड पुशीत भिंतीवर जाऊन बसली. आम्ही हसलो. मातोश्री हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अन्न दाखवून तोंड भाजायचे, हे रे कुठले दाणे घालणे?" या प्रश्नाला नोबेल पारितोषिकात उत्तर नव्हते. परातीने जे काम होते त्यासाठी मिरची कशाला, असे ठरवून आम्ही तो प्रयोग चौथ्या दिवशी सोडला.

मातोश्रींनी त्यावर आणखी एक व्यवस्था केली. भिंतीच्या अगदी पलीकडच्या टोकाला एक नारळाची करवंटी ठेवून त्यात रोज खोबऱ्याचा तुकडा आणि चार-सहा शेंगदाणे त्या घालू लागल्या. पुढे ताटलीतले शेंगदाणे आम्ही बंदच केले. शेंगदाणे, खोबरे, सूर्यफुलाचे बी यांची खारीला विशेष ओढ. बाजरी, राळे, तांदळाची कणी यांवर चिमण्या आणि होले खूश असतात. जे ताटलीत नाही त्यासाठी खार फारशी जिवावर उदार होत नाही. अर्थात करवंटी भरून वाहील इतके घालू नये. खार ही नुसती दाणेखाऊ नाही. ती पाखरांची अंडी आणि पिलेही खाते. तिला पोसून तिची संख्या वाढविणे म्हणजे वळचणीतील घरट्यांवर संकट आणणे होय. चिमणीसाठी पेटी टांगली असेल तर तिचे भोक ३२ मिलिमीटरपेक्षा मोठे ठेवू नये, आणि भोकाभोवती पत्र्याची चकती ठोकावी, म्हणजे खारीला ते कुरतडून रुंद करता येत नाही.

मांजराला परातीमुळे वर चढता येत नाही, पण त्याला चढण्याची गरजच काय? पाखरे सांडलेले दाणे टिपण्यास खाली उतरतात. दाट झुडूप ताटलीला लागून असेल तर मांजर त्यात दडते. झुडूप मुळीच नसेल तर शिक्रा आल्यावर चिमण्यांना लपायला जागा नाही. आठ-दहा फुटांवर झुडूप असणे हा आम्हांस साधलेला मध्य. मांजराला उडी घेण्याआधी उघड्यावर यावे लागते, आणि चिमण्यांना तेवढा वेळ पुरतो. शिक्रा वारंवार येऊ लागला तर चार-आठ दिवस दाणे बंद ठेवावेत. त्याच्यावर रागावून उपयोग नाही, तोही पाखरूच.

गुजरातच्या गावांतून आणि अहमदाबादच्या पोळांतून चबुतरा पाहिला नसेल असा आपल्यांपैकी कोणी नसेल. एका खांबावर उचललेली, चौफेर उघडी, छप्पर असलेली ती दाण्याची माडी. मांजरा-कुत्र्यांपासून पाखरे राखण्याची युक्ती त्या सुतार-पाथरवटांना केव्हाच उमगली होती. खांब एकच, आणि वरचा भाग खांबाच्या बाहेर चहूकडे पुढे आलेला, म्हणजे आमच्या परातीचेच काम. परंतु चबुतरा मुख्यतः कबुतरांचा, आणि कबुतरांच्या बाबतीत आमचे मत अलीकडे बदलले आहे. त्यांच्या विष्ठेची व पिसांची धूळ सतत नाकात गेल्याने काही माणसांच्या फुप्फुसांना गंभीर विकार जडतो. २०२५ साली मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून केवढे वादळ झाले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, हे वाचकांस आठवत असेल. एक बाजू श्रद्धेची, दुसरी दम्याच्या रोग्याची. दोन्ही बाजूंची माणसे आमच्या घरोब्यातली आहेत. आमच्यापुरते आम्ही असे केले की ताटलीवर चार बोटे उंचीवर उतरते छप्पर बसविले. चिमणी आत बसून खाते, कबुतराला मान घालता येत नाही. कमानीचे ते परदेशी पात्रही याच कामी लावले आहे. त्यात होले आणि पोपट जेवतात, कबूतर बसले की झडप पडते.

कावळ्यांना ताटलीपासून दूर ठेवण्याचा प्रश्न आमच्याकडे आला नाही. त्यांचा घास पूर्वीपासून गच्चीच्या कठड्यावर वेगळा असतो. वानरांपुढे मात्र परात, तार, छप्पर कशाचेच काही चालत नाही. टोळी गल्लीत शिरली की ताटली घरात घ्यावी, आणि त्यांना हाताने काही देऊ नये. एकदा दिलेले वानर विसरत नाही.

ताटली आठवड्यातून एकदा गरम पाण्याने घासून उन्हात वाळवावी. पावसात भिजलेला दाणा टाकून द्यावा. बुरशी आलेला शेंगदाणा तर खारीलाही घालू नये, तो विषारी असतो. मीठ घातलेले भात-फरसाण पाखरांसाठी नव्हे. आणि ज्यांना चिमण्या खरोखर हव्यात त्यांनी परसात थोडी माती उघडी, थोडे गवत वाढलेले राहू द्यावे. मोठी चिमणी दाण्यावर जगते, पण पिलांना ती किडे-अळ्याच भरवते. सगळीकडे फरशी घालून वर बाजरी टांगली तर चिमण्या जेवून जातील, संसार थाटणार नाहीत.

पाण्याच्या परळाला आम्ही परात लावली नाही. तो फरशीवर, उघड्यावर असतो. रोज सकाळी ओतून, घासून भरायचा, म्हणजे डासांची पैदास होत नाही. गेल्या मे महिन्यात, ऊन ४२ अंशांवर गेले असताना, दुपारी दोनच्या सुमारास मातोश्रींनी आम्हांस खूण करून खिडकीशी बोलावले. परळाच्या काठावर दोन साळुंक्या आणि एक बुलबुल होते, समोरच्या काठावर खार पुढचे पाय टेकून पाणी पीत होती, आणि शेजाऱ्यांचे मांजर हातभर अंतरावर आपली पाळी येण्याची वाट पाहत सावलीत पडले होते.